चेन्नईची 'मोट्टै माडी' आणि लाकडी फरशीचा तुकडा

तमिळ भाषेत गच्चीला एक झकास नाव आहे, 'मोट्टै माडी'. माडी म्हणजे आपलीच माडी, मजला. (कोकणातली माडी आठवून कुणाची जीभ चाळवली असेल तर त्यानं ती आवरावी, हा विषय तो नव्हे.) आणि मोट्टै म्हणजे तुळतुळीत डोकं. तिरुपतीला केस वाहून आलेल्या माणसाचं असतं तसं. घराच्या डोक्यावरचा, छप्पर नसलेला, टकल्या मजला म्हणजे मोट्टै माडी!

१९९६ मध्ये मद्रासचं चेन्नई झालं. शहराचं नाव बदललं, बसगाड्यांचे रंग बदलले, बैठ्या घरांच्या जागी सात-सात मजले उभे राहिले. पण मोट्टै माडीचा रिवाज पुरता गेलेला नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कुरडया आणि सांडगे वाळत पडतात, तसे तिथे 'वडाम' आणि 'वत्तल' पडतात. जुन्या स्वच्छ धोतरावर ओळीनं घातलेले, कोपऱ्यावर दगड ठेवलेले, आणि कावळ्यांना धाक म्हणून शेजारी एखादी उघडी काळी छत्री. वीज गेली की उकाड्यानं हैराण झालेलं सगळं घर उशा घेऊन वर येतं. मुलं परीक्षेचा अभ्यास वरच करतात, निदान घरात सांगतात तरी तसं. मणिरत्नम यांच्या १९९० च्या 'अंजली' चित्रपटात तर या गच्चीच्याच नावाचं एक गाणं आहे. तमिळ माणसाला अंगण म्हटलं की आता जमिनीवरचं कमी आणि डोक्यावरचं जास्त आठवतं.

अलीकडे या अंगणात एक नवा पाहुणा आला आहे, लाकडी फरशी. एक फूट बाय एक फुटाचे चौकोन, वर लाकडाच्या चार-सहा पट्ट्या, खाली प्लॅस्टिकची जाळी. जाळीच्या कडेला असलेल्या कड्या एकमेकींत अडकवल्या की झालं. ना सिमेंट, ना गवंडी, ना धूळ. चित्रात तर बाल्कनी अशी दिसते की उटीचा बंगलाच! जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत, जिथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींची रांग आहे, तिथल्या नव्या सदनिकांत पुण्या-मुंबईहून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्याही बाल्कन्यांत ही फरशी दिसू लागली आहे. मग पहिल्या पावसाळ्यातच ध्यानात येतं की चेन्नईत गच्चीवर लाकूड घालणं हा नुसता हौसेचा मामला नव्हे. हौसेइतकाच तो पाण्याचा मामला आहे.

गंमत अशी की गच्ची आणि लाकूड यांचं नातं या शहराला नवं मुळीच नाही. फक्त पूर्वी लाकूड गच्चीच्या वर नव्हतं, पोटात होतं.

'मद्रास टेरेस' नावाची करामत

बांधकामाच्या पुस्तकांत 'मद्रास टेरेस' हे नाव आजही सापडतं. भारतीय मानक ब्युरोनं तर या पद्धतीसाठी स्वतंत्र नियमावलीच केली आहे. तिचा क्रमांक आयएस २११९. एखाद्या शहराचं नाव छपराच्या पद्धतीला मिळावं, हा मान काही थोडाथोडका नव्हे. सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या, जॉर्ज टाऊनमधल्या, मैलापूरच्या देवळाभोवतीच्या गल्ल्यांतल्या जुन्या वास्तूंत शिरून मान वर करावी. सागवानाच्या तुळया हात-दीड हात अंतरानं एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध विटांची तिरपी नक्षी दिसते. नक्षी म्हणून कुणी ती केलेली नाही. तेच छप्पर आहे!

या विटा नेहमीच्या नव्हेत. साधारण सहा इंच लांब, तीन इंच रुंद आणि जेमतेम इंचभर जाड. बिस्किटासारख्या. त्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करायच्या आणि खोलीच्या एका कोपऱ्यापासून तिरप्या ओळीत चुन्यानं एकीला एक चिकटवत जायचं. खाली फळ्यांचा आधार नाही, बांबू नाही. कोपऱ्यातली पहिली ओळ अगदी तोकडी, दोन भिंतींच्या बेचक्यात अडकलेली. दुसरी तिला टेकून, तिसरी दुसरीला टेकून. चुना चटकन धरतो आणि पातळ वीट हलकी असते, म्हणून ती पडत नाही. ओळी लांब होत खोलीच्या मध्यावर येतात आणि समोरच्या कोपऱ्यात पुन्हा तोकड्या होत संपतात. ओळ तिरपी असल्यामुळे भिंतीपाशी अख्खी वीट कधीच बसत नाही. तिथे प्रत्येक वेळी तिरका तुकडा तोडून बसवावा लागतो. गवंड्याचा हात कसा आहे ते खोलीच्या मध्यावर समजत नाही, कडेच्या त्या तुकड्यांवर समजतं.

हा विटांचा थर वाळला की त्यावर विटांचा चुरा आणि चुना यांचा जाड थर. तो नुसता पसरून भागत नाही. लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस बडवावा लागतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत चुन्याचा कोबा करत, त्याचीच ही बहीण. बडवताना वरून शिंपडायचं पाणीही साधं नाही, त्यात गूळ आणि हिरडा भिजवलेला. थापी वाजून उडायला लागली, तिचा ठसा उमटेनासा झाला, की थर बसला. त्यावर चपट्या भाजक्या कौलांचे थर, पुन्हा चुन्यात. पाणी वाहून जाईल असा हलकासा उतार दिला की मोट्टै माडी तयार. (याच मद्रासच्या चुन्याचा गिलावा अंड्याचा पांढरा बलक आणि दही घालून संगमरवरासारखा चमकवीत. तो चुना समुद्राच्या शिंपल्यांचा असे. पण ते प्रकरण भिंतीचं.)

सोलापूर, मराठवाड्याकडच्या वाचकांना इथे माळवद आठवेल. तिथेही तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात माळवदावर बाजा टाकून झोपायचं आणि मृगाच्या आधी वर नवी माती चढवायची. कल्पना तीच, खोलीला जाड आणि जड टोपी घालायची, म्हणजे ऊन आत यायला संध्याकाळ होते. फरक पावसाचा. माळवद कमी पावसाच्या मुलखाचं आहे. मद्रासच्या गच्चीला वादळी पाऊस झेलायचा होता, म्हणून मातीच्या जागी चुना आणि कौल आलं.

या छपराची नाडी लाकडात होती. गच्चीला चीर पडली, पाणी झिरपलं, की ते तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाशी साचे. बाहेरून तुळई ठणठणीत दिसे, पण आत भिंतीत तिचं टोक कुजलेलं. त्यात चेन्नईची वाळवी. म्हणून जुन्या घरांत पावसाळ्याआधी गच्ची पाहणं हे दरवर्षीचं काम असे. पुढे लोकांनी चुन्याच्या गच्चीवर सिमेंटची ठिगळं लावायला सुरुवात केली. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. आत शिरलेलं पाणी आतच कोंडलं आणि दुरुस्तीनंच कितीतरी छपरं लवकर गेली. आज अशा घराचा मालक दुहेरी पेचात असतो. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळणं अवघड आणि मिळाला तरी दिवस मोजून पैसे द्यायचे. बिल्डर मात्र दारात उभाच असतो. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर काँक्रीटच्या स्लॅबनं ही पद्धत जवळजवळ संपवली. तरी तिची एक आठवण उरली आहे. चेन्नईत काँक्रीटच्या स्लॅबवरही विटांचा चुरा आणि चुना यांचा थर घालून वर चौकोनी भाजकी कौलं बसवण्याची रीत टिकून राहिली. या कौलांना 'तट्टोडु' म्हणतात. त्यांची लालसर गच्ची विमानातूनही ओळखू येते. आता त्यांच्या जागी उन्हाला परतवणाऱ्या पांढऱ्या फरश्या येताहेत.

सुतारांची देवी आणि शिवाजी महाराज

जुन्या मद्रासला हे साग पुरवलं ब्रह्मदेशानं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तो देश टप्प्याटप्प्यानं घेतला आणि तिथलं सागवान बंगालचा उपसागर ओलांडून इथल्या बंदरात उतरू लागलं. चेट्टिनाडचे चेट्टियार सावकार ब्रह्मदेशात गबर झाले. त्यांनी आपल्या गावी बांधलेल्या वाड्यांचे खांब आणि दारं पाहिली की किती जंगल तोडलं असेल या विचारानं छाती दडपते. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि तो व्यापार बसला. पुढे १९६० च्या दशकात तिथून हुसकावल्या गेलेल्या तमिळ कुटुंबांसाठी बंदराजवळ बाजार वसवला गेला. चेन्नईला गेलेला माणूस हमखास जातो तो हा 'बर्मा बझार'. साग गेलं, नाव राहिलं.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर तंबु चेट्टी रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर कालिकांबाळ देवीचं मंदिर. मराठी माणसानं हे चुकवू नये. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, ३ ऑक्टोबर १६७७ रोजी, छत्रपती शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते असं मंदिराची परंपरा सांगते आणि तसा फलकही तिथे आहे. (चेन्नईच्या रिक्षावाल्याला मात्र नुसतं 'शिवाजी' म्हणू नये, तो शिवाजी गणेशनबद्दल बोलायला लागेल. अर्थात तेही नाव महाराजांचंच. अण्णादुराईंच्या नाटकात गणेशननी महाराजांची भूमिका केली आणि पेरियारांनी त्यांना ते नाव दिलं.) या मंदिराची दुसरी ओळख फारशी सांगितली जात नाही. त्याचा कारभार विश्वकर्मा समाजाकडे आहे. म्हणजे सुतार, लोहार, सोनार, कासार, पाथरवट या पाच हातांच्या लोकांकडे. गच्चीच्या तुळया ज्यांनी तासल्या त्यांच्या घराण्यांची ही देवी.

सुताराला तमिळमध्ये 'आसारी' म्हणतात. नव्यानं गेलेल्या मराठी गृहिणीला शेजारीण सांगते, "आसारी पाठवते", आणि ही समजते आचारी येणार! पण एकदा का आसारी दारात आला आणि मोजमाप सुरू झालं की भाषेचा अडसर निम्मा संपतो. आपला सुतार इंचाचा आठवा भाग 'सूत' म्हणून मोजतो. तमिळ सुतार त्याच मापाला 'नूल' म्हणतो. नूल म्हणजेही सूत, दोरा! दोन बोटं दाखवून "रेंडु नूल" म्हटलं की दोन सूत जागा सोडली जाते.

आता बाल्कनीकडे

समजा, बदली होऊन आलेल्या एका जोडप्याची बाल्कनी दहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद आहे. लाकडी फरशी विकणारा 'एक बाय एक' म्हणतो. मनातल्या मनात गुणाकार होतो, पंचेचाळीस फरश्या. पन्नास मागवल्या की काम झालं. इथेच पहिली चूक होते. फरशी बहुधा तीस सेंटिमीटरची असते आणि फूट असतो साडेतीस सेंटिमीटरचा. एका फरशीत हा फरक कळत नाही, पण दहा फरश्यांनंतर जवळपास दोन इंचांची फट उरते.

म्हणजे लांबीत दहा अख्ख्या फरश्या आणि वर पाच सेंटिमीटर. रुंदीत चार अख्ख्या फरश्या आणि वर सतरा सेंटिमीटर. रुंदीतला सतराचा तुकडा ठीक आहे, कापून नीट बसतो. पण लांबीतली पाच सेंटिमीटरची पट्टी कापून बसवायची म्हटली तर तिच्याखाली जाळीचा धड एक पायही येत नाही. ती डुगडुगणार, पायाखाली कलंडणार. जाणता सुतार अशी चिंधी बसवत नाही. तो दोनपैकी एक करतो. एक तर एक अख्खी फरशी कमी करतो आणि दोन्ही टोकांना सतरा-सतराचे सारखे तुकडे बसवतो. दिसायला देखणं, पण कापकाम जास्त आणि माल जास्त. तुकड्यातून उरलेला तेराचा भाग दुसरीकडे लागत नाही, म्हणून पंचावन्न फरश्या लागतात. नाही तर तो पाच सेंटिमीटरची जागा सरळ मोकळी सोडतो आणि तिथे पांढरे गोटे भरतो. तेव्हा पन्नास फरश्यांत भागतं. पाणी जायची मोरी त्याच बाजूला असेल तर हा दुसरा मार्ग उत्तम. दहापैकी आठ बाल्कन्यांत तोच पत्करावा.

भिंती काटकोनात असतील असं मात्र गृहीत धरू नये. नव्या इमारतींतही एका टोकाला सतरा आणि दुसऱ्या टोकाला साडेपंधरा असं निघतं. म्हणून पहिल्यांदा फक्त अख्ख्या फरश्या मांडायच्या, दारापासून सुरुवात करून समोरच्या कठड्याकडे. दारात नजर पडते तिथे अखंड ओळ हवी आणि कापलेली ओळ कठड्याखाली, कुंड्यांच्या आड. मग उरलेली जागा प्रत्येक फरशीपुरती वेगवेगळी मोजायची आणि फरशीच्या पाठीवर आकडा लिहायचा. भिंतीपासून दोन सूत जागा सोडायची. पावसाळी हवेत लाकूड फुगतं. लांबीत फारसं नाही, रुंदीत फुगतं. जागा नसेल तर फरश्या मधोमध पापडासारख्या वर उचलल्या जातात.

कापताना दोन प्रकार येतात. पट्ट्यांना समांतर कापायचं असेल तर काम सोपं. फरशी उलटी करायची, खालचे स्क्रू काढून नको असलेली पट्टी अख्खी काढून टाकायची आणि फक्त प्लॅस्टिकची जाळी कापायची. पट्ट्यांना आडवं कापायचं असेल तेव्हा डोकं चालवावं लागतं. स्क्रू कुठे आहेत ते आधी पाहायचं, कारण करवतीचं पातं स्क्रूवर गेलं की दात गेले आणि कधी कधी डोळाही. काप स्क्रूच्या पलीकडून गेला तर कापलेल्या टोकाला पट्टी मोकळी राहते. तिथे बारीक भोक पाडून नवा स्क्रू खालून द्यावा लागतो. भोक न पाडता थेट स्क्रू पिळला की पट्टी हमखास उभी चिरते. काप जाळीच्या पायाजवळून जाईल असं पाहावं, म्हणजे कड लोंबकळत राहत नाही. करवत बारीक दाताची हवी. लाकडावर कापायच्या रेषेवरून चिकटपट्टी लावली तर कड फुटत नाही. गोल करवतीच्या यंत्रानं पन्नास फरश्यांचं काम तासाभरात होतं, पण बाल्कनीत उभं राहून ते चालवू नये आणि चष्म्याशिवाय तर मुळीच नाही.

एसीचा नळ किंवा पाण्याचा पाइप आडवा आला तर गोल काप लागतो. त्यासाठी आधी जुन्या पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, तो पाइपाला लावून पाहायचा, पटला की मग फरशीवर आखायचा. पुठ्ठा फुकट असतो, फरशी नसते. आणि एक काम शंभरातले नव्वद जण विसरतात. कापलेल्या टोकाला तेल किंवा सीलर लावणं. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून, पट्टीच्या पाठीवरून नव्हे. कारखान्यात लावलेलं तेल कापाबरोबर गेलेलं असतं. जुन्या तुळईचं भिंतीतलं टोक कुजायचं त्याचं कारणही हेच.

मोरीवरची फरशी कधीही कापून घट्ट बसवायची नाही. ती सुटी हवी, बोटानं उचलता येईल अशी. तिच्या चारही बाजूंच्या कड्या छाटून टाकाव्यात.

दारासमोर एक पट्टा लाकडाविना ठेवण्याची रीत चेन्नईच्या बायकांनी आपणहून काढली आहे. सकाळी कोलम काढायचा कुठे? लाकडाच्या फटींवर तांदळाच्या पिठाची रेघ उमटत नाही. तुळशीला घातलेलं पाणीही फटींतून खाली जाऊन साचतं. बादलीभर पाणी ओतून खराट्यानं फरशी धुण्याची सवय असलेल्या घरात तर लाकूड घालण्याआधी सासूबाईंचं मत घेतलेलं बरं.

पाऊस, डास आणि डोक्यावरचं ऊन

चेन्नईचा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. तो येतो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून आणि वादळांच्या पाठीवर बसून. वर्षभरात सुमारे १,४०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा बराच कमी. पण पडायला लागला की धरबंद नसतो. डिसेंबर २०१५ च्या पहिल्या दिवशी तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडालं. १२ डिसेंबर २०१६ ला 'वरदा' वादळ थेट शहरावरून गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये 'मिचौंग'नं पुन्हा तीच दैना केली. अशा पावसात बाल्कनीची मोरी तुंबली तर अर्ध्या तासात पाणी उंबरा ओलांडून दिवाणखान्यात येतं. लाकडी फरशीखाली काय चाललंय ते वरून दिसत नाही. पिंपळाची पानं, कुंडीतली माती, कबुतराची पिसं सगळं फटींतून खाली जातं आणि मोरीपाशी गोळा होतं. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, तो वेगळाच. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी गच्च्यांवर येऊन कुंड्यांखालच्या बशा आणि जुने टायर तपासतात. लाकडाखाली मात्र त्यांचीही नजर पोचत नाही.

गच्चीच्या पाण्याची आणखी एक बाजू आहे. तमिळनाडूत २००३ पासून प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं झालं. मोट्टै माडीवर पडलेलं पाणी पाइपातून खाली येऊन विहिरीत किंवा जमिनीत जातं. त्या नियमाची चेष्टा करणारेही होते. जून २०१९ मध्ये शहराला पाणी देणारे चार मोठे तलाव कोरडे पडले आणि लोक टँकरपुढे रात्र-रात्र उभे राहिले तेव्हा गच्चीवरच्या थेंबाची किंमत सगळ्यांना समजली. त्यामुळे इमारतीच्या सामाईक गच्चीवर कुणा हौशी सभासदानं लाकूड घालायचं म्हटलं तर बाकीचे सभासद हरकत घेतात आणि त्यांचं चुकत नाही. लाकडाखाली स्लॅबला चीर पडली तर दिसणार कशी? फरश्या घट्ट बसाव्यात म्हणून कुणी चार स्क्रू खाली मारले तर पाणी अडवणारा थरच फुटतो आणि ठिपका उमटतो खालच्या मजल्यावर, दुसऱ्याच्या छताला.

शिवाय ऊन. मे २००३ मध्ये चेन्नईचा पारा ४५ अंशांवर गेला होता. मे महिन्यातल्या 'अग्निनक्षत्रा'च्या दिवसांत दुपारी गच्चीवर अनवाणी जाऊन दाखवावं! लाकूड दगडाइतकं पायाला भाजत नाही हे खरं, पण त्याच्याखालची प्लॅस्टिकची जाळी उन्हात ठिसूळ होते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत लाकडाचा रंग राखाडी पडतो. उघड्या गच्चीवर तट्टोडु किंवा पांढरी फरशी हीच खरी. लाकडाची हौस सावलीतल्या बाल्कनीत भागवावी आणि तीही सगळी न झाकता.

जुनं लाकूड पुन्हा कसं मांडतात ते पाहायचं असेल तर शहरातून महाबलीपुरमच्या दिशेनं समुद्राकाठच्या रस्त्यानं मुट्टुकाडूपर्यंत जावं. तिथे १९९६ च्या डिसेंबरात उघडलेलं 'दक्षिणचित्र' आहे. डेबोरा त्यागराजन यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं, लॉरी बेकर यांनी आखलेलं. पाडली जाणार असलेली दक्षिणेतली जुनी घरं सोडवून आणून इथे पुन्हा उभी केली आहेत. चेट्टिनाडच्या सावकाराच्या घराच्या ओसरीत बसलं की ब्रह्मदेशी सागाचे गुळगुळीत खांब पाठीला लागतात. शाळेच्या सहली येतात, मुलं खांबांभोवती शिवाशिवी खेळतात. एक अख्खी दुपार हातात ठेवून जावं. उन्हाळ्यात जाऊ नये.

असं घर उचलून दुसरीकडे उभं करायचं म्हणजे सोडवण्याआधी प्रत्येक लाकडावर खूण घालावी लागते. बाल्कनीतल्या फरश्यांनाही हीच युक्ती लागू पडते. जानेवारीत वादळांचा हंगाम सरतो आणि पोंगलच्या आदल्या दिवशी तिथेही आपल्यासारखीच भोगी असते, घर झाडून काढायचा दिवस. तेव्हा सगळ्या फरश्या उचलाव्यात, खालचा गाळ धुवावा, मोरीत काठी घालून पाहावी, लाकूड दोन दिवस उन्हात उभं ठेवून तेल द्यावं. कापलेल्या फरश्या एकीच्या जागी दुसरी बसत नाहीत. म्हणून पाठीवर ओळ आणि क्रमांक आधीच घातलेला असावा. खडूनं घालू नये, तो पहिल्याच पावसात पुसला जातो. टोकदार खिळ्यानं प्लॅस्टिकवर कोरावा.